पाहुण्याला नाव सांगायचं नाही

सुनदोक आजीने सकाळपासून ती पिशवी एकवीस वेळा उघडून पाहिली होती. नामहे बेटावरून सुटलेल्या पहिल्या बसमध्ये बारा वेळा, समुद्रावरच्या पुलावर तीन वेळा, आणि उरलेल्या सहा वेळा पुसानच्या विमानतळाचं छप्पर दिसायला लागल्यावर. बसमध्ये शेजारी बसलेल्या मासळीवालीला शेवटी राहवलं नाही.

"मावशी, आत कोंबडी आहे का जिवंत? पळून जाईल म्हणून बघताय?"

"औषध आहे."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही," आजी म्हणाली, आणि पिशवीची चेन ओढली. मग पुन्हा थोडी उघडून पाहिली.

आत आंबवलेल्या ओल्या तिखटाची एक बरणी होती, गुलाबी औषधाच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या, बिनसुईची एक पिचकारी होती, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. खिडकीशी बसलेली तिची सहा वर्षांची नात भाजलेल्या शेवाळाचा पापड कुरतडत होती. तिचे आईबाप कारखान्याच्या कामासाठी हनोईला गेले होते, आणि आज आजी तिला त्यांच्याकडे पोचवायला निघाली होती. सकाळी आठला पाच मिली, रात्री आठला पाच मिली. इकडचं घड्याळ तिकडे झालं तरी हे पाच मिली चुकता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नातीच्या मनगटावर पिवळं ऑक्टोपसचं घड्याळ होतं, ते आठाच्या ठोक्याला कोंबड्यासारखं ओरडायचं.

आजी म्हणजे नामहेची लसूणवाली. तिच्या वाफ्यातला लसूण इतका जहाल, की एका वर्षी चोर आला तो बांधावरूनच डोळे पुशीत परत गेला, असं ती सांगते, आणि चोराने अजून ते नाकारलेलं नाही. अशा बाईला कशाची भीती वाटत नाही. फक्त एका पाहुण्याची वाटते.

पाहुणा म्हणजे नातीचं दुखणं. पोर एकाएकी ताठ व्हायची, डोळे वर जायचे, हातपाय झटके द्यायचे. डॉक्टर त्याला काहीतरी लांबलचक नाव देत. आजीने ते कधी उच्चारलं नाही. तिच्या लहानपणी देवी आल्या तर "पाहुणे आलेत" म्हणायचे, हळू आवाजात आणि मान लववून, म्हणजे पाहुणा रागावत नाही आणि लवकर निघतो. हाही पाहुणाच. आणि हा पाहुणा पहिल्यांदा आला कधी? पोर चार वर्षांची असताना, बालवाडीत छातीवर नावाची पिवळी पट्टी लावली, त्याच्या तिसऱ्या दिवशी! नाव ठसठशीत, लांबून वाचता येईल असं. मग काय, त्याने वाचलं आणि आला.

त्याच दिवशी आजीने पट्टी चुलीत घातली आणि नातीचं नाव ठेवलं गेत्तोंग. गेत्तोंग म्हणजे कुत्र्याची शी, दुसरं काही नाही. कुत्र्याची शी शोधत कोण येणार? औषधही ती घड्याळाच्या काट्यावर द्यायची, एक थेंब कमी नाही. औषधावर तिचा पूर्ण विश्वास होता. फक्त एकट्या औषधावर नव्हता. दोन्हीमुळे आता सलग पाच महिने पाहुणा फिरकला नव्हता.

आणि आता समुद्र ओलांडायचा. दोन दिवसांपूर्वी आजी अंगणात बाटल्या घेऊन बसली आणि पाहते तर काय! दोन्ही बाटल्यांवर दवाखान्याने मुलीचं खरं नाव छापलेलं! चिठ्ठीवर तर दोनदा! म्हणजे पाहुण्याच्या हातात पत्ताच द्यायचा. मग आजीने म्हाताऱ्याची नखं काढायची नखणी आणली, बाटल्यांवरचं नाव खरवडून काढलं, चिठ्ठीवरचं काळ्या शाईने बुजवून टाकलं, आणि सगळीकडे सुबक अक्षरात लिहिलं: गेत्तोंग. काम झाल्यावर तिने एक पेरू कापून खाल्ला, इतकं तिला बरं वाटलं.

विमानतळावर रांग सरकत होती. सात वाजून छत्तीस मिनिटं. आजी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती.

"आजी, तू नाचतेस का?" नातीने विचारलं.

"गप. पुढे सरक. हात धर. हात कुठाय तुझा?"

"तूच धरलायस."

सरकत्या पट्ट्यावरून पिशवी यंत्रात गेली, अर्धी बाहेर आली, परत आत गेली. आजीचा जीव तिच्याबरोबर आत जाऊन आला. पलीकडे उभ्या पोरसवदा शिपायाच्या छातीवर ग्वाक असं लिहिलं होतं. आजीला त्याची कीव आली. इतक्या मोठ्या अक्षरात नाव, तेही उघड्यावर!

ग्वाकने आधी तिखटाची बरणी उचलली. "आजी, ही नाही जाणार. पातळ पदार्थ शंभर मिलीच्या वर…"

"घे पोरा. भातावर घाल."

ग्वाक दोन पावलं मागेच झाला. या बरण्यांपायी आज्या जमिनीवर बसकण मारतात हे त्याला माहीत होतं. मागल्या महिन्यात तर एकीने उभ्या उभ्या अर्धी बरणी चमच्याने संपवली होती आणि विमानात तिला दोन जागा द्याव्या लागल्या होत्या. ही बाई इतक्या सहज देते म्हणजे पिशवीत आणखी काहीतरी असणार. त्याने हात घातला आणि बाटल्या निघाल्या.

"हे औषध. औषध चालतं," आजी घाईने म्हणाली. "चिठ्ठी दाखवली की चालतं. माझ्या मुलीने विचारून घेतलंय."

"चालतं ना, का नाही चालणार. फक्त नाव जुळलं पाहिजे." त्याने बाटली पाहिली, चिठ्ठी पाहिली, नातीचा पासपोर्ट पाहिला, पुन्हा बाटली पाहिली. त्याचं नाक हलायला लागलं. हसू दाबताना त्याचं तसं व्हायचं. "आजी, रुग्णाचं नाव… गेत्तोंग?"

"मी!" नातीने हात वर केला.

"पासपोर्टवर तर…"

"वाचू नकोस!" आजी अशी ओरडली की शेजारच्या रांगेतल्या माणसाने भीतीने घातलेले बूट पुन्हा काढले. "मनात वाच. मनात वाचता येत नाही का तुला? शाळेत गेलास ना?"

"आजी, नाव खोडलेलं औषध मी कसं सोडू? कुणाचं म्हणून सोडू?"

आजीने इकडेतिकडे पाहिलं. सात सत्तेचाळीस. "माझं आहे," ती म्हणाली.

"तुमचं?"

"माझं. मीच गेत्तोंग. मलाच होतं ते. फार होतं."

ग्वाकने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "इथे वजन लिहिलंय. सतरा किलो."

आजीने लसणाच्या दोन गोण्या लीलया उचलणारे आपले दंड पोटाशी घेतले. "प्रवासाने उतरलंय," ती म्हणाली.

आता ग्वाकचं नाकच नाही, खांदेही हलायला लागले, आणि तो आपल्या वरिष्ठ बाईंना बोलवायला पळाला. तेवढ्यात आजीने फोन काढून मुलीला लावला. हनोईत अजून सहाही वाजले नव्हते.

"सोनहे, तुझ्याकडे त्या चिठ्ठीची नक्कल आहे का?"

"आई? कुठली चिठ्ठी? कागद सगळे तुझ्याकडे आहेत! काय झालं? बेबीला काही…"

"बेबी मजेत आहे, शेवाळ खातेय. चिठ्ठीवर जरा शाई सांडली."

"शाई कशी सांडेल, आई? दौत घेऊन फिरतेस का तू?" मुलगी आईला चाळीस वर्षं ओळखत होती. "तू नाव खोडलंस. खोडलंस ना? दवाखान्याचा फोन नऊशिवाय कुणी उचलणार नाही. आई, ऐक, फक्त तिचं नाव सांग त्यांना! एक नाव! औषधाशिवाय तिला घेऊन विमानात चढलीस तर…"

"ओरडू नकोस. त्याला ऐकू जाईल."

"कुणाला?"

आजीने फोन बंद केला. सात त्रेपन्न.

वरिष्ठ बाई आल्या. मेंगबाई म्हणत त्यांना. पन्नाशीच्या, रुंद, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली, बाटलीची खरवडलेली जागा नखाने चाचपली, आणि ग्वाककडे पाहिलं. ग्वाकचं नाक जागच्या जागी थांबलं.

"काम चोख केलंत, आजी. एक रेघ ठेवली नाहीत," मेंगबाई म्हणाल्या. "पण जन्मतारीख ठेवलीत. ती पासपोर्टशी जुळते. वजनही पोरीचंच दिसतंय. माझ्याकडून अडणार नाही. हा कागद भरा. मुलाचं नाव, औषध कशावर, खाली तुमची सही. झालं."

आजीने कागद ओढला आणि भराभरा लिहिलं. मेंगबाईंनी वाचलं. "नाव: गेत्तोंग. औषध कशावर: पाहुण्यावर." त्यांनी कागद परत केला. "खरं नाव, आजी."

"ते नाही लिहिता येत."

"लिहायला येत नाही?"

"येतं. लिहिता येत नाही."

मेंगबाईंनी दुसरा कोरा कागद आणि खिशातलं पेन पुढे केलं. आजीने टोपण काढलं आणि पेन विंचवासारखं टेबलावर टाकलं. शाई लाल होती. लाल शाईत लिहितात ते मेलेल्याचं नाव, आणि इथे जित्या पोराचं!

"अहो माझी चूक झाली," मेंगबाई पहिल्यांदाच गडबडल्या. "ग्वाक! काळं पेन आण, पळ! लाल पेनं ठेवतच जाऊ नका इथे."

काळं पेन आलं. आजीने ते हातात घेतलं आणि नुसतंच घट्ट धरून ठेवलं. इथे लिहायचं? जिथे देशोदेशींची माणसं आपापली सामानं उघडून उभी आहेत, जिथल्या यंत्राला बंद पिशवीतलंही दिसतं, तिथे? पाच महिने पाहुणा कुठे दडून बसलाय कोण जाणे. पिशवीला धरून बसमधून आला असेल. या क्षणी मागच्या रांगेत उभा असेल, बूट काढून.

तेवढ्यात पिवळा ऑक्टोपस आरवला.

आठ. सवयीप्रमाणे नात आजीसमोर येऊन उभी राहिली, मान वर, तोंड उघडं, पाखराच्या पिल्लासारखं. बाटली टेबलाच्या पलीकडे, ट्रेमध्ये. आजीचा हात गेला.

"तपासणी संपेपर्यंत नाही, आजी," ग्वाक हळूच म्हणाला, आणि या वेळी त्याला हसू आलं नव्हतं.

पिल्लू तोंड उघडून वाट पाहत होतं. औषध येईना. मग त्याला आठवलं, दवाखान्यात बाटली येण्याआधी परिचारिका काय विचारते ते. सांगितल्याशिवाय औषध मिळत नाही. नातीने पाय जुळवले आणि खणखणीत सुरुवात केली, "माझं नाव हा…"

आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरीला सांगू द्यायचं? त्या मेल्याला तिने स्वतःच्या तोंडाने आवतण द्यायचं? एक लांब, लसणीचा श्वास आजीने घेतला. द्यायचंच असेल तर देणारी मी. आणि मग लसणाच्या बाजारात पन्नास वर्षं उभी राहिलेल्या त्या बाईला एकदम सुचलं, की खरा माल द्यावाच लागला, तर दुसरा समोर टाकून गिऱ्हाइकाचं लक्ष तिकडे वळवावं.

तिने एका बाटलीवरचं आपण लिहिलेलं लेबल नखांनी सोलून काढलं. टेबलाच्या बाजूला मोठा डबा होता, त्यात लोकांच्या पाण्याच्या बाटल्या, सरबतं, दंतमंजनाच्या नळ्या आणि तिची स्वतःची तिखटाची बरणी पडली होती. आजी त्या डब्यापाशी गेली, लेबल उंच धरलं, आणि नामहेच्या एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात हाक मारतात तशी ओरडली:

"ए गेत्तोंग! तू येऊ नकोस हो विमानात! तू इथेच थांब! या डब्यात! कुणी पाहुणे विचारत आले तर इथेच आहे म्हणून सांग!"

आणि लेबल आत टाकून तिने झाकण आपटलं. अख्खी रांग थांबली. बूट घातलेला तो माणूस पुन्हा अनवाणी झाला. मेंगबाईंनी डब्याचं झाकण नीट बसलंय ना ते दाबून पाहिलं.

मग आजी परत टेबलापाशी आली, डाव्या हाताची ओंजळ कागदावर धरली, परीक्षेत शेजाऱ्यापासून लपवतात तशी, आणि तिच्या आत काळ्या शाईने, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं: हाम येसल. दुखण्याचं नावही लिहिलं, डॉक्टर म्हणतात तेच, एकही अक्षर न चुकता. ते तिला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

मेंगबाईंनी चष्मा लावून वाचलं, कागद आतल्या बाजूने दोनदा दुमडला आणि आपल्या दप्तरात सरकवला. "इथे कुणी वाचत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "मी सुद्धा विसरले."

आठ वाजून सहा मिनिटांनी पाच मिली पोरीच्या पोटात गेलं. आजीने पिचकारी पुसून पिशवीत ठेवली.

"आजी, मग आता माझं नाव काय?"

"जुनंच. येसल." आजीने मागे डब्याकडे पाहिलं. "पण हळू बोल. आणि पाय उचल, गेट बंद होईल."

दोघी धावत सुटल्या. ग्वाक सांगतो, की त्या दिवशी दुपारपर्यंत डब्याचं झाकण आतून दोनदा हललं. मेंगबाई म्हणतात, आंबलेल्या तिखटाच्या बरणीला दाब येतो, मग असं होतं. दोघांनी मिळून झाकणावर एक वीट ठेवली आहे, हे मात्र दोघंही कबूल करतात.

विमानात पट्टा लावून झाल्यावर हवाईसुंदरी मुलांच्या जेवणाची यादी घेऊन आली आणि तिच्यात पाहून मोठ्या, गोड आवाजात म्हणाली, "हाम येसल? हाम येसल कोण?"

आजी पट्ट्यासकट उडाली. पोरीने हात वर केला. आजी तिच्या अंगावरून ओणवी झाली, खिडकीच्या काचेला नाक लावलं, आणि विमान सुटेपर्यंत मागची धावपट्टी पाहत राहिली. कुणी धावत येत नव्हतं.

मग तिने पायाशी ठेवलेली पिशवी बाविसाव्या वेळी उघडून पाहिली.