समुपदेशक बाईंना दूध पाजता येईना

प्रसूतिगृहातल्या समुपदेशक बाई अकरा वर्षं बाळंतिणींना दूध पाजायला शिकवत होत्या. म्हणजे कापडी बाहुली छातीशी धरून त्या वीस मिनिटं बोलत. बाहुली कधीच रडत नसे, त्यामुळे प्रात्यक्षिक दर वेळी यशस्वी होई. एखादी बाळंतीण रडलीच, तर बाई गोड हसून म्हणत, "अहो, निसर्गच आहे हा. मन शांत ठेवा, सगळं जमतं."

मग एकोणचाळिसाव्या वर्षी बाई स्वतःच त्या वॉर्डातल्या खाटेवर आल्या. कुशीत मुलगी होती. निसर्ग तेवढा रजेवर गेला होता.

पोरगी तोंड लावी, बाई "आई गं!" म्हणून किंचाळत, पोरगी दचकून भोकाड पसरी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्तनाग्रांना चिरा पडल्या. तेवढ्यात मार्गदर्शनाला अख्खं घर हजर झालं.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या वेळी मुलं बहुधा जेवूनच जन्माला येत. मोबाइलवरून मान न उचलता नणंदेनं निदान केलं, "दूधच कमी आहे." नवरा बिचारा कामसू. त्यानं टेबलावरचं माहितीपत्रक उचललं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं, "'आईने प्रसन्न राहावे. किरकोळ वेदनांकडे लक्ष देऊ नये.'"

"कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?" बाई कडाडल्या.

नवऱ्यानं पत्रक उलटून खालचं नाव पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखी घडी घालून ते खिशात टाकलं.

संध्याकाळी नवी नर्स ड्युटीवर आली. ही एकेका बाळंतिणीपाशी अर्धा अर्धा तास बसते म्हणून बाईंनी तिला चारचौघांत झापलं होतं. तिनं आधी मार्गदर्शक मंडळाला बाहेर काढलं. मग विचारलं, "खूप दुखतंय का हो?"

बाईंना एकदम रडू फुटलं.

नर्सनं बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवून त्याची पकड सोडवली. "नुसतं टोकच धरतेय ती. जरा मागे रेला. तिचं नाक टोकासमोर येऊ दे. आता थांबायचं, जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत."

"माहितीये मला हे," बाई हुंदके देत म्हणाल्या.

"माहिती आहेच हो. आता करून बघू."

तीनदा फसलं. चौथ्या वेळी पोरीनं मोठा आ करून भरपूर तोंडात घेतलं, हनुवटी छातीत रुतली, आणि गटक् असा बारीकसा आवाज आला. नेहमीची कळ आलीच नाही. बाई श्वास रोखून पुढच्या घोटाची वाट बघत राहिल्या.

दुसऱ्या बाजूच्या स्तनानं आठवडाभर छळलंच. पण घरी जायच्या दिवशी पोरगी पोटभर पिऊन झोपली होती.

"तू हे कुठे शिकलीस गं?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या मुलाच्या वेळी हाल झाले, शेवटी बाटलीच लावावी लागली. दुसऱ्याच्या वेळी एका आयाबाईंनी शेजारी बसून दाखवलं."

एवढं बोलून नर्स पलीकडच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसलीसुद्धा.