सूनबाईचे गड्डे

"हॅलो! अगं, डेंगळा दिसतोय गं, डेंगळा!"

म्हातारी वाफ्यात उकिडवी बसून फोनमध्ये ओरडत होती. माणूस जितका लांब तितकं मोठ्यानं ओरडायचं, असा तिचा साधा हिशोब. पलीकडे सून होती. तिच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ती दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलेली.

"आई, हळू बोला, इथे सगळे बघतायत. कशाला डेंगळा?"

"तुझ्या बडीशेपेला! मधून दांडा वर यायला लागलाय."

"पानच असेल हो ते. पाणी द्या भरपूर. आणि आई..." सून जरा अडखळली. "हात नका लावू हं. मी परवा येतेय. आल्यावर बघते."

फोन बंद झाला.

"हात नका लावू म्हणे! जशी काही मी चोरच," म्हातारी फोनलाच म्हणाली. पण बोलण्यात जोर नव्हता. गेल्या वर्षी तिनं हात लावला होता ना!

ही बडीशेप जेवण झाल्यावर चघळायची नव्हे. हिच्या पानांच्या बुडाशी पांढरा गड्डा धरतो, तो कापून कच्चा खायचा. सुनेनं कुठून तरी बी मिळवून ती पहिल्यांदा पेरली, रोपं दाट उगवली, आणि ती दोन दिवस बाहेर गेली. म्हातारीचा सगळा जन्म कांदे लावण्यात गेलेला. तिनं मोठ्या मायेनं एकूण एक रोप उपटलं आणि अंतर ठेवून पुन्हा लावून दिलं. ओळी अशा सुरेख, की बघत राहावं. पण मुळाला धक्का बसलेला या बयेला खपत नाही. एकीनंही गड्डा धरला नाही, सगळ्या डेंगळ्यावर गेल्या. सून भांडली असती तर बरं झालं असतं. उलट तेव्हापासून ती सासूशी गोड बोलायला लागली, पाहुण्यांशी बोलतात तसं. ते गोड बोलणं म्हातारीला शिवीपेक्षा झोंबायचं.

यंदा सुनेनं जागच्या जागी विरळणी केली, बुडाशी माती चढवली. गड्डे मुठीएवढे झाले. हॉटेलचा आचारी ते घ्यायला परवाच यायचा होता. आणि नेमकं ऊन भडकलं, मोटर जळली. मुलगा मोटर घेऊन दुरुस्तीला गेला त्याचा अजून पत्ता नव्हता. म्हातारीनं टाकीतलं पाणी बादलीनं आणून घातलं, तर टाकीनंही तळ दाखवला.

दुपारी तिनं पुन्हा वाफा बघितला. सकाळी चार-पाच झाडांना दिसलेला दांडा आता अर्ध्या ओळीला होता. एक गड्डा चाचपला. गरगरीत होता तो लांबुडका व्हायला लागलेला. पुढचं तिला ठाऊक होतं, गेल्या वर्षी रोज येऊन बघितलं होतं. दांडा एकदा सुटला की सगळं लाकूड. गुरंही तोंड लावत नाहीत.

पुन्हा फोन लावला. लागेना.

"कापले तर ही मला जन्मभर माफ करायची नाही. नाही कापले तर परवा येऊन काय बघणार, माझं डोंबल?" घरात गेली, पाणी प्यायली, बाहेर आली, परत आत गेली. शेवटी विळा घेऊनच बाहेर आली.

मुलगा आला तेव्हा वाफा निम्मा मोकळा झाला होता.

"आई! काय केलंस हे? तिनं काय सांगितलं होतं?"

"सांगितलेलं मला ऐकू आलंय, मी बहिरी नाही. पोतं भिजवून आण."

"अगं, गेल्या वर्षीचं विसरलीस का?"

"तूच विसर म्हणते मी! ऊन कडक आहे, पोतं आण आधी!"

तो आणायला गेला, पण पुटपुटत. म्हातारीनं उरलेले गड्डेही कापले, पाला छाटून टाकला. पाला ठेवला की तो गड्ड्यातलं पाणी ओढून घेतो, हे मुळ्याच्या पिकावरून तिला माहीत होतं. माती नुसती झटकली, गड्डे ओल्या पोत्यात गुंडाळले आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत फरशीवर ठेवले. मग दोन दिवस ती त्या पोत्यावर पिण्याच्या हंड्यातलं पाणी शिंपडत राहिली. जेवण जात नव्हतं. गड्डे लोळागोळा झाले तर तोंड कुठे लपवायचं?

सून आली ती खांद्यावरची पिशवी न उतरवता थेट वाफ्यात. तिथे नुसते बुडखे.

"आई!" तिचा आवाज चिरकला. "एवढं सांगून गेले होते! एवढं एकच सांगितलं होतं हो तुम्हाला!"

"ओरड, पोटभर ओरड. पण आधी आत चल."

खोलीत जाऊन म्हातारीनं पोतं उघडलं. सुनेनं एक गड्डा उचलला, दाबला, आणि विळीवर उभा चिरला. कर्र आवाज झाला. आत मधोमध हिरवा दांडा बोटभर वर चढलेला. मग एक फोड तोडून खाल्ली. एक नवऱ्याला दिली, एक सासूला.

"गोड आहे," ती म्हणाली. "आजपर्यंत सगळे वाया गेले असते. मीच ऐकलं नाही तुमचं."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं फोड चावत तोंड फिरवलं.

"आणि बुडखे जमिनीत ठेवलेत ते किती छान केलंत! त्यांना आता नवे फुटवे येतील. हे तुम्हाला कसं सुचलं?"

खरं तर मुळासकट खणायला गुडघ्यांनी साफ नकार दिला होता, म्हणून बसल्या जागेवरून हात पोचेल तिथे विळा चालवलेला. हे ठाऊक असलेला मुलगा दारात उभा राहून गालात हसत होता.

म्हातारीनं खरं सांगायला तोंड उघडलं, मुलाकडे डोळे वटारून बघितलं आणि म्हणाली, "सुचायचं काय त्यात? जन्म गेला शेतात."