लिफ्टकाकांचा दहावा प्रश्न

"काका, लवकर सांगा, मजला येईल. शरीरातलं सगळ्यांत लांब हाड कुठलं?"

"मांडीचं," लिफ्टकाका म्हणाले आणि चौथ्या मजल्यावर त्यांनी जाळीचा दरवाजा ओढला.

दर शुक्रवारी हेच. रेकॉर्ड विभागातल्या बाई सकाळी तळमजल्यावरच्या फळ्यावर सामान्यज्ञानाचे दहा प्रश्न लावत. तीन वाजेपर्यंत चिठ्ठी पेटीत टाकायची, सोमवारी निकाल. कचेरीतले हुशार लोक प्रश्न वाचत आणि जिना सोडून लिफ्टच्या रांगेत उभे राहत. एकतीस वर्षं स्टुलावर बसून काकांनी लोकांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं अथपासून इतिपर्यंत वाचली होती. उत्तरं ते सढळ हाताने वाटत. स्वतःची चिठ्ठी मात्र त्यांनी कधी टाकली नाही. चिठ्ठीवर नावाखाली 'विभाग' असा रकाना होता आणि काकांना कुठलाच विभाग नव्हता. ते कुणाला बोलले नाहीत, पण मनात सलत होतं.

बाईंना सगळं ठाऊक होतं. एकदा काकांनी ऑक्टोपसला दोन हृदयं देऊन टाकली आणि एकोणीस चिठ्ठ्यांवर दोनच निघाली. खरं तर असतात तीन. बाईंनी कुणाला काही म्हटलं नाही. फक्त तेव्हापासून लिफ्टमध्ये शिरताना त्या हसायच्या.

आजचा शुक्रवार काकांचा शेवटचा. सोमवारपासून नवी, बटणांची लिफ्ट बसणार होती.

"आज तुमची चिठ्ठी हवी," बाई सकाळी म्हणाल्या. "दहावा प्रश्न खास तुमच्यासाठी काढलाय. तुमच्याशिवाय कुणाला येणार तो?"

काकांनी फळ्यासमोर जाऊन चष्मा लावला. नऊ प्रश्न झटक्यात सुटले. दहावा होता: तळमजल्यापासून सहाव्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती?

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस वर्षं ते वरखाली करत होते, पण जिना कधी चढलेच नव्हते. वीज गेली की ते तळाशी बसून तिची वाट बघत.

"काका, दहावा?" जो तो विचारत होता.

"माहीत नाही."

लोकांना वाटलं, शेवटच्या दिवशी म्हातारा भाव खातोय.

बाईंना खरं सांगून काकांना मोकळं होता आलं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासाठी प्रश्न काढला होता. तो कोरा सोडायला काकांचं मन होईना.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडलाच नाही. लिफ्टला कुलूप घातलं आणि जिन्याचा कठडा धरला. पहिल्या मजल्यापर्यंत सव्वीस. पुढच्या मजल्याला बावीस. तिसऱ्यावर गुडघे कुरकुरायला लागले. चौथ्यावर ते "ब्याण्णव, ब्याण्णव" पुटपुटत उभे राहिले.

"काका, लिफ्ट बंद पडली का?" वरून उतरणाऱ्या कारकुनाने विचारलं.

काकांनी नुसताच हात हलवला. बोलले असते तर आकडा हुकला असता.

एकशे छत्तीस. सहाव्या मजल्यावर भिंतीला टेकून त्यांनी धाप ओसरू दिली आणि खात्रीसाठी पुन्हा मोजत खाली उतरले. आकडा जुळला.

पावणेतीनला तोच कारकून रांगेत होता. "आता तरी सांगा, दहावा?"

"जिन्याने जा," काका म्हणाले. "मोजत जा."

मग स्टुलावर बसून त्यांनी चिठ्ठी लिहिली. स्वतःचं पूर्ण नाव घातलं. 'विभाग'पाशी पेन जरा थबकलं, आणि मग त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: लिफ्ट.

चिठ्ठी पेटीत पडली. निकाल सोमवारी होता. चौथ्यावरून घंटा वाजली, तशी काकांनी जाळी ओढली आणि ते वर निघाले.