पाठीमागची पावलं

शनीसने अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात केसांच्या सामानाचं दुकान काढलं आणि चर्चमधल्या बायका आर्डेलाच्या मागे लागल्या. काळ्या पोरीचं दुकान, आपण नाही जायचं तर कोणी जायचं?

आर्डेला गेली. आत शिरताच तिने सवयीने खांद्यावरची बॅग काउंटरवर ठेवली.

"असू द्या मावशी, इथे बॅग ठेवावी लागत नाही," शनीस म्हणाली.

आर्डेलाला ते खरंच वाटेना. आजवर ती ज्या दुकानात तेल नि कंगवे घ्यायची, तिथे गिऱ्हाइकं सगळी काळी, मालक मात्र परका. बॅग काउंटरवर ठेवायची आणि पाळत ठेवणारा नोकर पाठीशी घेऊन फिरायचं. इथेही ती फळ्या बघत पुढे सरकली आणि मागे पावलं वाजलीच. तिचं डोकं फिरलं.

"तूसुद्धा? आपल्याच माणसाला चोर समजतेस?"

शनीस हातात स्टूल घेऊन उभी होती. "तुम्ही वरच्या डब्या बघत होतात मावशी. म्हटलं, हात पोचायचा नाही."

आर्डेलाने स्टुलाकडे पाहिलं. शनीसने काढून दिलेली डबी उघडून तिने बराच वेळ वास घेतला.

"कंगवे बघायचेत अजून," ती म्हणाली. "चल, ये माझ्या मागे."