परस्पर बोललेला नवस

नवस बोलायचा तर माणसानं स्वतःच्या पोटावर बोलावा की नाही? पण चिमाबाईचं सगळंच न्यारं. गणपतीपुळ्याला गाभाऱ्यासमोर उभी राहून, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाली, "देवा म्हाराजा, माझ्या विनीतला पोर दे. पोर चालायला लागेस्तोवर माझी थोरली सून संकष्टी करील, नि तुझं उद्यापन थाटात होईल." थोरली सून म्हणजे दमयंती. ती तिथेच मागे नारळाची पिशवी धरून उभी होती. तिला कोणी विचारलं नाही की बाई, तू करशील का.

बाहेर वाळूत आल्यावर तिनं हळूच विषय काढला. "आये, नवस तुम्ही बोललात नि उपास मी करायचे?"

"मग कोण करणार? मला शुगर हाय. विनीतच्या शमिकाला मुंबईत नोकरी, धावपळ, तिच्या अंगात ताकद नको? तुला काय गो, तू घरातच असतंस."

घरातच असते म्हणे! ही घरात असणारी बाई पहाटे उठून झाडलोट, गुरांचं शेण, भाकऱ्या उरकायची आणि वाडीतल्या बायांबरोबर काजूच्या कारखान्यावर जायची. काजूच्या टरफलातल्या तेलानं तिची बोटं काळी पडून सोलवटलेली असायची. संध्याकाळी येऊन पुन्हा चूल होतीच.

दमयंतीचा नवरा जानू हा चिमाबाईचा थोरला मुलगा. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच आंबे काढताना कलमावरून पडला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर विनीत तेव्हा शाळेत होता. त्याचा डबा, त्याचे धुतलेले कपडे, तापात त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या, सगळं दमयंतीनं केलं. पुढं तो शिकला, मुंबईला कंपनीत लागला, शमिकाशी त्याचं लग्न झालं. पण वर्षं गेली तरी पाळणा काही हलेना, म्हणून हा नवस.

दमयंती तयार झाली ती सासूच्या एका शब्दावर. पुळ्याहून परतताना एसटीत चिमाबाईनं तिचा हात हातात घेतला. "हे बघ, पोर झालं की उद्यापनाला तूच बसशील पाटावर. भटजी देवासमोर तुझं नाव घेतील. दमयंतीनं केलं म्हणून. पोर तुझंच समज." दमयंती खिडकीबाहेर बघत राहिली, कारण डोळे भरले होते. जानू गेल्यापासून तिचं नाव कुठल्या शुभकार्यात कोणी घेतलंच नव्हतं. हळद असो, ओटी असो, बारसं असो, तिची जागा चुलीपाशी ठरलेली. वाढायला ती हवी, पण समोर यायला नको. पाटावर बसायचं, देवासमोर आपलं नाव ऐकायचं, एकदाच. एवढ्यासाठी तिनं उपास धरले.

आणि धरले म्हणजे कसे! तुमच्याआमच्यासारखे नव्हेत. आपण उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं हाणतो आणि दुपारी ढेकर देत लवंडतो. दमयंती दिवसभर कोऱ्या चहावर असायची. भातलावणीच्या दिवसांत संकष्टी आली तर कमरेपासून वाकून, चिखलात उभी राहून, उपाशी. चंद्र उगवला की नैवेद्य दाखवायचा, मग जेवायचं. पावसाळ्यात कोकणातला चंद्र कसला दिसतोय? कॅलेंडरात वेळ बघायची, ढगाला हात जोडायचे आणि पान घ्यायचं. तोवर भूक मेलेली असायची. पित्त तर असं वाढलं की रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "बाई, हे उपास सोडा, आतून जखम व्हायची." दमयंती गोळ्या घेऊन घरी आली. पुढच्या संकष्टीला पुन्हा उपाशी.

शेजारची दर्शना एकदा वैतागून म्हणाली, "अगो, पोर व्हायचं शमिकाला, नि मरतंस तू?"

"घरात पोर येईल ना. ते काय तिच्या एकटीचं हाय?" दमयंती हसून म्हणाली.

पोर आलं एकदाचं. मुलगा झाला, नाव ठेवलं स्वरूप. सुट्टीत शमिका त्याला घेऊन गावी यायची तेव्हा ते पोर दमयंतीला सोडायचं नाही. तिच्या पदराला धरून गोठ्यात, विहिरीवर, मागीलदारी. बोलायला लागलं तसं तिला 'मोती' म्हणायचं, मोठी आई म्हणायचं होतं त्याला. वाडी म्हणायची, दमयंतीच्या उपासाला फळ आलं. ते ऐकून तिला दोन घास जास्त जायचे.

पोरगं धावायला लागलं, तेव्हा चिमाबाईनं उद्यापनाची संकष्टी ठरवली. विनीत, शमिका आले. आदल्या दिवशी दमयंतीनं ट्रंकेतून डाळिंबी रंगाची साडी काढली. जानूनं घेतलेली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. उद्यापनाच्या दिवशी सकाळी न्हाऊन ती नेसली आणि बाहेर आली. चिमाबाईनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ही कशाला नेसलंस? स्वैपाकात डाग पडतील. बदल जा."

"संध्याकाळी पाटावर बसायचंय ना आये."

"ते बघू मग. आधी मोदक तरी कर."

दमयंतीच्या मनात पाल चुकचुकली. पण सासू आहे, तिला कामाची घाई असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. साडी बदलून घडी करून खुंटीवर ठेवली, संध्याकाळी पटकन नेसता यावी म्हणून. शमिका उठली तेव्हा तिला पोहे करून दिले. "वैनी, मला नाही हो झेपत उपास, डोकंच धरतं," शमिका बशी घेत म्हणाली. "असूंदे गो, मी आहे ना," दमयंती म्हणाली. दुपारी पोराला भरवताना शमिका वरणभातही जेवली. वाईट नव्हती पोर. फक्त जिथं तोंड उघडायचं तिथं उघडत नसे.

दिवसभर दमयंती एकटी राबत होती. खोबरं खवलं, सारण केलं, उकड काढली, काळ्या बोटांनी एकेका मोदकाच्या कळ्या पाडल्या. दिवेलागणीला एकवीस मोदक ताटात मांडले आणि वर तूप सोडलं. सकाळपासून पोटात नुसता कोरा चहा होता. हात धुऊन ती साडीकडं वळणार, तोच बाहेर मोटरसायकल वाजली. भटजी आले.

भटजी तरुण होते, कामाला चटपटीत. ओटीवर वाडीतली माणसं जमली होती. दर्शना, तिची सासू, आणखी दहाबारा जण. भटजींनी पाट मांडून घेतले, सुपारी ठेवली आणि विचारलं, "व्रत कोणी केलं घरात? ज्यांनी उपास केले त्यांनी पुढं बसायचं. नावानं संकल्प सोडायचाय."

दमयंती नैवेद्याचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं एक पाऊल पुढं टाकलं. आणि चिमाबाई म्हणाली, "शमिकानं. ह्या आमच्या धाकट्या सुनेनं."

"मुंबईत राहून? कमाल आहे," भटजी कौतुकानं म्हणाले.

"हां तर! एक संकष्टी चुकवलीन नाय पोरीनं."

आता बघा, ओटीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दर्शनाला तर पक्कं ठाऊक. पण दर्शनाला एकदम आपल्या हातातली बांगडी उलटीसुलटी करून बघावीशी वाटली. बाकीचे वासे मोजत बसले.

दमयंतीनं ताट दाराशी ठेवलं. "आये, काय बोललात?"

चिमाबाई लगबगीनं तिच्याजवळ आली आणि आवाज दाबून म्हणाली, "लोकं जमलीत. जोडी बसलेली बरी दिसते. तू अशी पुढं बसलंस तर पोराच्या कार्याला बरं दिसेल काय? देवाला कळतंय सगळं."

"देवाला कळतंय तर भटजींना कळून काय बिघडतंय?" दमयंतीचा आवाज काही दाबलेला नव्हता.

भटजींनी मान वर केली. "ताई, उपास तुम्ही केले असतील तर तुम्ही बसा. बाई एकटी बसली तरी चालतं, शास्त्राची काही हरकत नाही."

झालं! ज्याची एवढी भीती होती त्या शास्त्रानं आपला हात काढून घेतला. आता घरच्यांवर होतं. दमयंतीनं विनीतकडं बघितलं. लहानपणी तापात ज्याला उचलून तिनं दवाखान्यात नेलं होतं, तो विनीत. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होता.

"वैनी, उगाच तमाशा नको," विनीत म्हणाला. "शमिकानंच केलंय. तुम्ही मदत केलीत, आम्ही कुठं नाय म्हणतो?"

"शमिका, तू केलंस?"

शमिकानं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग सासूकडं. पदर सारखा केला. मान खाली घालून म्हणाली, "हो."

"भटजी, घ्या संकल्प," चिमाबाई म्हणाली.

दमयंती उंबऱ्यावर बसली. नुसती टेकली नाही, चांगली पाय पसरून बसली. नैवेद्याच्या ताटातला वरचा मोदक उचलला आणि सगळ्यांच्या देखत चावला. तूप मनगटावर ओघळलं.

चिमाबाई किंचाळली. "दमयंती! नैवेद्य हाय तो! चंद्र उगवला नाय अजून!"

"मग? उपास शमिकाचा हाय ना? मला कसला चंद्र?" भरल्या तोंडानं दमयंती म्हणाली आणि तिनं दुसरा मोदक घेतला. "मी नुसती मदत केली. पोटभर जेवून करायची मदत मी उपाशीपोटी करत होते, माझंच चुकलं."

कोणी हललं नाही. हललं ते एकच, स्वरूप. आईच्या मांडीवरून उतरून तुरुतुरु चालत तो दमयंतीपाशी आला, तिच्या गुडघ्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मोती, आं." दमयंतीनं मोदकाचा तुकडा मोडून, फुंकर घालून त्याच्या तोंडात घातला. शमिका ते बघत होती, पण तिनं काही त्याला उचललं नाही.

"उष्टावला नैवेद्य," भटजी पुटपुटले. दुसरे मोदक करायला घरात तसे हात कोणाकडं होते? शेवटी गूळखोबऱ्याची वाटी ठेवून विनीत-शमिकानं उद्यापन उरकलं. वाडीतली माणसं प्रसाद घेऊन भराभरा पांगली. दर्शनानं जाताना दमयंतीच्या खांद्यावर हात ठेवायला हात पुढं केला होता. दमयंतीनं असं बघितलं की तिनं तो मागं घेतला.

सकाळी दमयंती मागीलदारी मोदकपात्र घासत होती. आत स्वरूप शिंकला. एकदा, मग पुन्हा. त्यासरशी चिमाबाई धावत बाहेर आली. रात्रभर झोपली नसावी, डोळे तांबडे झाले होते.

"दमयंती, नवस मोडला गो. पोराला काय झालं म्हंजे? शिंकतंय बघ. तू पुढच्या संकष्टीपासून परत धर. माझं चुकलं, जळ्ळी माझी जीभ. ह्या वेळी उद्यापन तुझ्याच नावानं करीन, तुझ्या गळ्याची शप्पथ."

आता बोलली! सगळ्या वाडीसमोर जे तोंडातून निघेना ते इथं राखेच्या ढिगापाशी, कोणी ऐकायला नसताना, आपसूक निघालं.

शिंक ऐकून दमयंतीच्याही काळजात चर्र झालं होतं, खोटं कशाला बोला. तिनं हात धुतले, आत जाऊन स्वरूपचं कपाळ चाचपलं. थंडगार होतं. पोर तिच्याकडं बघून हसलं. शमिका बॅग भरत होती, तिनं वर बघितलं नाही. दमयंती परत बाहेर आली. सासू तशीच, पदराचं टोक तोंडात धरून उभी.

"धरशील ना गो?"

"शमिकाला सांगा," दमयंती म्हणाली. "व्रत तिचं हाय. एक संकष्टी चुकवलीन नाय तिनं."

चिमाबाई मटकन पायरीवर बसली. दमयंती आत गेली, कालचा भात परतला, ताटात वाढून घेतला आणि उंबऱ्यावर बसून जेवायला लागली. आत पोर पुन्हा शिंकलं. तिचा घास हातातच थांबला. मग तिनं तो खाल्ला, आणि पुढचाही.