पेटला का?

गाडी रुसली होती आणि बाबा तिच्यापुढे बाह्या सरसावून उभे होते. हा रुसवा शेजारी उभ्या लेकीनेच घडवून आणला होता. काल दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर तिने बॉनेट उघडून इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलला जाणारी वायर काढली आणि खाली दडवून ठेवली होती.

दुसरं काय करणार? डोळे तपासायचं नाव काढलं की बाबा अंगावर येत. गेल्या आठवड्यात त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि वर ऐकवलं, फाटकच अरुंद झालंय. तेही तिने गिळलं असतं. पण परवा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "सोमवारपासून छोटीला शाळेत मी सोडणार." छोटी म्हणजे नात, हिची एकुलती एक पोर. हिने हातातला घास परत ताटात ठेवला.

गाडी जवळपास बाबांच्याच वयाची, म्हणून घरात तिचं नाव म्हातारी. आणि बाबांचा उभा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेला. लबाडी पकडायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

हत्यार एकच होतं, दोन वायरी जोडलेला छोटासा बल्ब. एक टोक गाडीच्या पत्र्याला चिमट्याने लावायचं, दुसरं जिथे शंका तिथे टेकवायचं. करंट असला की बल्ब पेटतो. बाबांनी बॅटरीपासून सुरुवात केली.

"पेटला का?"

"हो."

मग फ्यूज. "आता?"

"पेटला."

"उन्हात मेलं काही कळत नाही," बाबा पुटपुटले. गाडी शेडमध्ये होती. ऊन दारातच थांबलं होतं.

आता राहिला किल्लीचा स्विच. तिथवर करंट आहे असं कळलं की बाबांचा हात थेट कॉइलवर जाणार. पण स्विचच मेला म्हटलं तर? असला स्विच आता शोधून सापडत नाही. म्हातारी महिनोन्महिने जागची हलणार नाही.

बाबा सीटवर बसले, किल्ली फिरवली, हात घालून स्विचच्या मागे टोक टेकवलं. बल्ब त्यांनी डोळ्यांसमोर धरला. तो लख्ख पेटला होता, त्याचा पिवळा उजेड त्यांच्या नाकावर पडला होता.

"पेटला का?"

बाबा त्या बल्बकडेच बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "स्विच गेलाय, बाबा. आता कुठे मिळणार तो?"

बाबांनी टोक काढलं नाही. त्यांनी बल्बवर अंगठा ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"गरम आहे," ते म्हणाले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कुठली वायर काढलीस?"

"कॉइलची."

"टोक उघडंच ठेवलंस?"

"चिकटपट्टी गुंडाळलीये."

"बरं केलंस. पत्र्याला लागलं असतं तर म्हातारी जळून गेली असती. जा, लाव ती."

तिने वायर जोडली. बॉनेट खाली केलं तेव्हा स्टिअरिंगमागची सीट रिकामी होती. बाबा मडगार्डवर हात ठेवून पलीकडच्या बाजूला निघाले होते. त्या दाराचं हँडल त्यांनी आधी खाली चाचपलं, मग वर, आणि सापडल्यावर दार उघडून आत बसले. स्वतःच्या गाडीत त्या बाजूला ते आजवर कधी बसले नव्हते.

"चल, काढ बाहेर," ते समोर बघत म्हणाले. "आणि फाटक जपून. अरुंद झालंय ते."