नारळावरचा शब्द

उपसरपंचपद अडीच-अडीच वर्षं वाटून घ्यायचं, हे ठरलं होतं देवळात, नारळावर हात ठेवून. पहिली अडीच जगदीशची, नंतरची सुंदराची. मुदत भरल्यावर जगदीशनं राजीनामा दिला खरा, पण नव्यानं निवडणूक लागताच त्याच तोंडानं पुन्हा स्वतःचा अर्ज भरला. निर्लज्जपणाची कमाल झाली!

सुंदराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाई नुसती धुसफुसत बसणाऱ्यातली नव्हे. तिला पुढं झेडपी लढवायची होती, आणि इथंच हरली तर आघाडीत कोण थांबणार? सरपंच धरून मतं सात. तीन जगदीशची, तीन तिची. सातवा मनोज. निवडून आलेला तिच्याच आघाडीतून, पण जगदीशनं त्याला तीन दिवस सहलीला नेलेलं, कर्जतकडच्या फार्महाऊसवर, फोन काढून घेऊन.

निवडणुकीच्या सकाळी मनोज पंचायतीपाशी उतरला तो जगदीशच्याच गाडीतून.

"काय रं, दमलास का मटन खाऊन?" सुंदरानं विचारलं.

"असं काय बोलता वयनी! मत तुमालाच हाय." पण नजर काही वर होईना.

"जगदीश काय देतो म्हनला?"

"साजगावला कंपनीत टेंपो लावून देतो म्हनला," तो पुटपुटला.

मतदान गुप्त घ्या, अशी मागणी जगदीश करणारच होता. मग मनोजनं कुणाला मत दिलं, हे कोण सांगणार? कपाळ!

अर्ज द्यायला दहा मिनिटं उरली होती. सुंदरानं पिशवीतून स्वतःचा भरलेला अर्ज काढला आणि टराटरा फाडला.

"येड लागलं काय गं तुला?" तिच्या आघाडीतली उज्वला ओरडली. "अडीच वर्षं थांबलीस ना!"

सुंदराचे डोळे भरून आले होते. तिनं ते पदरानं पुसले, कोरा अर्ज घेतला, त्यावर मनोजचं नाव लिहिलं आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.

"कर सही."

चार विरुद्ध तीन. शिळफाट्यावरून आणलेला जगदीशचा हार गाडीतच राहिला.

गुलालानं माखलेला मनोज तिच्या पाया पडायला वाकला. "वयनी, तुमी उभ्या असता तरी देवाशपथ मत तुमालाच दिलं असतं."

"गप रं. तू तुलाच मत देशील, एवढाच माजा तुज्यावर भरवसा होता. आता ऊठ. पुढं झेडपी हाय, आनि तिथं मी उभी रानार, तू नाय."